अट्टा बाजारातली मापाची बॅग

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की नोएडातल्या मराठी घरांत दोनच गोष्टींची चर्चा असते, गाडीचे आरक्षण आणि सामान. यंदा आमच्याकडे सामानाचा प्रश्न एकाच वस्तूपाशी अडला होता. चौदा वर्षांच्या चिरंजिवांना आपले लाडके प्लेस्टेशन ५ आजोळी, पुण्याला न्यायचे होते.

"राहू दे की घरी," असे म्हणणे सोपे होते. पण नोएडात वाढलेल्या या मुलाच्या मराठीत हिंदी मिसळते. एकदा तो आजीला म्हणाला, "पाणी गिरलं," आणि मामेभावांनी सुट्टीभर त्याला 'गिरलं' याच नावाने हाक मारली. खेळायला बसला की मात्र तो त्यांचा गुरू! गेल्या वर्षी मी ते यंत्र सोलापुरी चादरीत गुंडाळून सुटकेसमध्ये घातले, टीव्हीची वायर मागे तशीच खोचलेली. पुणे स्टेशनवर सुटकेस हातून निसटली, वायरीची खोबण वाकली आणि पडद्यावर चित्रच येईना. दुरुस्तीत निम्मी सुट्टी गेली. तेवढे दिवस पोरगा आजीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. यंदा ठरवले, आधी बॅग, मग बाकीचे.

नोएडा हे मापात बेतलेले शहर. १९७६ साली ओखल्याच्या पलीकडे, यमुनेच्या पूर्वेला ते वसवायला घेतले. नावसुद्धा औद्योगिक प्राधिकरणाच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरे जोडून तयार झालेले. इथे पत्ता विचारला की आळी किंवा पेठ नाही, सेक्टरचा आकडा सांगतात. पुण्याच्या माणसाला हे सुरुवातीला फार रुक्ष वाटते. मलाही वाटले होते. पण सेक्टर १८ च्या मेट्रो स्टेशनवर उतरा. २००९ पासून मेट्रो इथे येते. एका बाजूला २०१६ साली सुरू झालेला भला मोठा, थंडगार मॉल आणि दुसऱ्या बाजूला अट्टा. अट्टा हे मूळचे गाव. सेक्टरांची आखणी त्याच्याभोवती झाली, पण त्याच्या गल्ल्या काही सरळ झाल्या नाहीत.

आधी मॉलमध्ये गेलो. बॅगा देखण्या होत्या. विक्रेती मुलगी प्रत्येकीकडे बोट दाखवून म्हणे, "आ जाएगा, मॅडम." लॅपटॉपच्या बॅगेत यंत्र लांबीला कदाचित मावले असते, जाडीला नाही. कडक कवचाची एक पेटी खरोखर छान होती, पण किमतीची चिठ्ठी पाहून ती मुकाट्याने जागेवर ठेवली.

मग रस्ता ओलांडून अट्ट्यात आलो. एका चिंचोळ्या गल्लीत बॅगा शिवणारे आणि दुरुस्त करणारे एक चाचा मशीनवर बसले होते. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "बहनजी, नाप लाई हैं?"

माप! इतकी वर्षे ब्लाउजला माप देणारी मी, यंत्राचे माप न घेता बाजारात आले होते. घरी परतलो आणि टेप काढली. उंची ३९ सेंटिमीटर, खोली २६, जाडी साडेदहाच्या आसपास; वजन साडेचार किलो. हे २०२० सालचे मोठे मॉडेल. नंतरचे बारीक मॉडेल तुमच्याकडे असेल तर हे आकडे चालणार नाहीत, तुमचे तुम्ही मोजा. खालचा स्टँड आधी काढावा. त्याचा स्क्रू त्याच्याच पोटातल्या खाचेत बसतो, म्हणजे हरवत नाही. आत डिस्क असेल तर तीही काढून घ्यावी. आणि वायरी? सगळ्या काढायच्या! तो धडा मी पैसे मोजून शिकले होते.

दुसऱ्या दिवशी चाचांनी प्रत्येक बाजूला फोमसाठी दोन बोटे जागा धरली. तळाला फोम दुहेरी, कारण बॅग आपटते ती तळावरच. चेन तीन बाजूंनी उघडणारी, म्हणजे यंत्र ओढून काढावे लागत नाही. वायरी आणि दोन कंट्रोलर यांच्यासाठी बाहेरून वेगळा कप्पा, नाहीतर प्रवासात तेच यंत्रावर घासत राहतात. पट्टे मात्र चाचा वरच्या कडेला शिवणार होते. तिथे मी अडून बसले. साडेचार किलोचा भार कडेच्या शिलाईवर कशाला? शेवटी पट्टा तळाखालून फिरवून घेतला. "आप दर्जिन हैं क्या?" ते हसून म्हणाले. रंग चिरंजिवांनी निवडला, काळा. दिल्लीकडच्या धुळीत काळा रंग! पण गप्प बसले.

हजरत निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेसने निघालो. बर्थखाली लोक लोखंडी ट्रंका पायाने ढकलतात, म्हणून बॅग उशाशी ठेवली. रात्रभर पोराचा एक हात पट्ट्यात अडकवलेला. भुसावळला सहप्रवासी आजोबांनी विचारले, "तबला आहे का रे?"

पुण्याला पोचल्यावर चहा व्हायच्या आत टीव्हीवर चित्र आले. 'गिरलं' ही हाक अजून चालूच होती, फक्त आता तिच्यापुढे 'दादा' लागले होते.

परतीच्या प्रवासात वायरींचा कप्पा फुगलेला दिसला. उघडून पाहिले तर वायरी माझ्या पर्समध्ये कोंबलेल्या आणि फोमच्या कप्प्यात आजीने दिलेली मेतकुटाची बरणी, अगदी मापात बसलेली.