भोक पडलेली शिंपली

आमच्या मोरवा गावात शिंपल्यांचं कौतुक कुणालाच नव्हतं. ओहोटी लागली की आई शेजारणींबरोबर खाडीत उतरायची, चिखलातून तिसऱ्या काढायची. खाऊन झालं की कवचं परसात. कौतुक व्हायचं ते काकांनी कन्याकुमारीच्या दुकानातून आणलेल्या ठिपक्यांच्या मोठ्या कवडीचं. तिला काचेचं कपाट होतं.

पुढे कॉलेजात दीपक आपटे यांचं भारतीय शंख-शिंपल्यांवरचं पुस्तक हाती आलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते १९९८ साली काढलेलं. त्यानंतर मी परसातला ढीग उकरू लागलो. उत्तनच्या किनाऱ्यावरच्या वाळूतले बटणासारखे चपटे शंख अंबोनियम निघाले. तिवरांच्या चिखलातला काळपट, निमुळता तो टेलिस्कोपियम.

काही शिंपल्यांना गोल, नेटकं भोक असायचं, कडा आत उतरत्या. लहानपणी आम्ही त्यातूनच दोरा ओवायचो. ते भोक नॅटिका नावाची गोगलगाय पाडते. आम्ल सोडून कवच मऊ करते, दातेरी जिभेने खरवडते आणि आतला जीव खाते. आमच्या माळेतल्या प्रत्येक शिंपलीची शिकार झालेली होती! हे कळल्यावर मला शिंपली नुसती सुंदर दिसेनाशी झाली. तिचं काय झालं असेल ते आधी पाहावंसं वाटू लागलं.

मग काकांच्या कवडीकडे वळलो. जिवंतपणी कवडीचं मांस बाहेर येऊन कवचाला वेढून असतं, म्हणून तिच्यावर चकाकी राहते. मेल्यावर लाटांत, वाळूत घासून ती लवकर उतरते. दुकानातली कवडी इतकी लखलखते, कारण बहुतेकदा ती जिवंतच उचललेली असते. हिचं घर प्रवाळात. आमच्या चिखलात ती कुठून येणार? तुळजाभवानीच्या माळेतल्या लहान कवड्याही अशाच दूरच्या, मालदीव-लक्षद्वीपकडच्या समुद्रातल्या. पण त्या माळेला पिढ्यांची श्रद्धा आहे. दुकानातल्या कवडीवर नुसतं पर्यटनस्थळाचं नाव रंगवलेलं असतं, तिच्या समुद्राचं नसतं. याचा मला मनापासून राग येतो.

२००१ साली काही शंख-शिंपल्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेली पातळ, पारभासक शिंपलीही त्यात आली.

आता उत्तनहून आळीतली मुलं मूठभर शंख घेऊन दारात येतात. नाव सांगण्याआधी मी विचारतो, कुठे सापडला, वाळूत की खडकात? भोक आहे का? आत खेकडा राहायला आलाय का? खेकडा असला, की चप्पल घालून आम्ही सगळे त्याला सोडायला परत किनाऱ्यावर.