शेवटची सफारी

उद्या सकाळी देवणीला निघायचं. ताडोब्यातली आज शेवटची फेरी झाली. तीन फेऱ्यांत वाघ एकदाच दिसला, तोही पाठमोरा. लेकरं खूश, मीही खूश, खोटं कशाला बोलू!

'सफारी' हा शब्द स्वाहिली, अर्थ प्रवास. अरबीतून आलेला, म्हणजे आपल्या 'सफर'चाच भाऊ. केनियात मसाई माराच्या कडेला मसाई लोकांनी आपल्या जमिनी पर्यटनासाठी भाड्यानं दिल्यात. सिंह बघायला येणाऱ्यांच्या पैशातलं भाडं थेट जमीनवाल्याच्या हातात.

आपल्याकडं? ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान. आज अंधारी धरून व्याघ्र प्रकल्प सुमारे 1,727 चौरस किलोमीटरचा. त्यातलं 1,100 च्या वर बफर, आणि बफरमध्ये गावं. गाईड, जिप्सीवाले गावातलेच, त्यांचं घर चालतं. पण ज्याच्या घरी ना जिप्सी ना गाईड, त्याचं काय?

मोहर्लीत टपरीवर असाच एक गुराखी भेटला. गाव विचारलं. देवणी म्हणताच म्हणाला, "ते गाईचं?" छाती फुगली राव! शेवरा, बालंक्या, वानेरा, तिन्ही प्रकार सांगून टाकले.

मग त्यानं सांगितलं. गेल्या वर्षी त्याची दुभती गाय वाघानं नेली. पंचनामा झाला, भरपाईही आली. पण गुरं घेऊन आजही त्याच वाटेनं जावं लागतं. दुसरी वाट नाही.

उठताना म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडची एक कालवड कितीला पडंल?"

भाव मला तोंडपाठ आहे. सांगवला नाही.