निशाणी अंगठा

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्राच्या नोंदणीसाठी ती चार तास बसून होती. अखेर नंबर लागला. कॅमेऱ्याकडे बघून झालं, यंत्राच्या काचेवर बोट टेकवून झालं, पानापानावर सह्या झाल्या. मग तिथल्या मुलाने स्टॅम्पपॅडची डबी उघडून पुढे सरकवली. "मॅडम, डावा अंगठा." डबीतून तो वास आला, गोडसर, डोक्यात चढणारा. बासष्ट वर्षांच्या त्या बाईने लहान मुलीसारखा हात मागे घेतला.

"शाई जाते लगेच," मुलगा म्हणाला. त्याला वाटलं, ती शाईला घाबरली.

तालुक्याच्या गावातली एक बँक. ती आठ-नऊ वर्षांची, आजीचा पदर धरून उभी. आजीचं खातं उघडायचं होतं. कारकुनाने फॉर्म पुढे केला, बोटाने जागा दाखवली. आजीने पेन मागून घेतलं आणि आधी एक आडवी रेघ ओढली, चौकटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जराशी बाहेरसुद्धा. मग त्या रेघेखाली, पेन फारसं न उचलता, आपलं नाव लिहिलं. कारकुनाने फॉर्म सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. "आजी, ही सही चालायची नाही. अंगठा लावा."

"अरे, नाव आहे माझं."

"असेल. मला वाचता यायला नको?"

अंगठा लागला. पासबुकावर फोटो चिकटला, फॉर्मवर 'निरक्षर' असं लिहिलं गेलं. बाहेर पडल्यावर आजीने अंगठा डोक्याच्या केसांना पुसला आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. कारकून आता हयातही नसेल. नातीला त्याचा राग मात्र अजून येतो, आणि तो सोडावा असं तिला कधी वाटलेलं नाही.

आजीचे वडील किराणा दुकानदार. मुलगा नव्हता, म्हणून हिशेबाला मुलीला बसवलं आणि तिला मोडी शिकवली. छापील बालबोध आजी अक्षर लावून लावून वाचायची, पण दुधाचा, धोब्याचा, उसनवारीचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर मोडीत झरझर उतरायचा. बालबोधीत अक्षरं आधी आणि त्यांच्या डोक्यावरची रेघ नंतर. मोडीत उलटं: पानभर रेघा आधी आखून घ्यायच्या, अक्षरं मागाहून टांगायची. "दोरी आधी बांधायची, मग धुणं," आजी म्हणायची. शाळेतल्या वहीत नातीने तसं करून पाहिलं, तर अक्षरं लोंबकळलेल्या पायजम्यांसारखी दिसली.

हेमाडपंतांनी ही लिपी लंकेहून आणली अशी एक कथा आहे, कथाच ती. लिहिण्याच्या घाईतून ती घडली, हे मात्र तिच्या अंगावर दिसतं. हात उचलायला नको म्हणून अक्षरांना गाठी आणि वळसे, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत नाही. 'दिन' आणि 'दीन' एकाच वेशात. मारवाडी पेढ्यांवरची महाजनी लिपी तर मात्राही गाळायची. 'काकाजी अजमेर गये' हे घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' असं वाचलं आणि रडारड सुरू झाली, हा विनोद तिथलाच. मोडी इतकी कंजूष नाही. शिवकाळ, पेशवाई आणि नंतर इंग्रजी अंमल, सगळ्यांचा कारभार तिने ओढला. १८१० मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीने मराठी शब्दकोश छापला, तोही मोडी खिळ्यांनी. पण छापखान्याला सुटी, उभी अक्षरं सोयीची. १९१७ मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठी बालबोध ठरवली आणि मोडी हळूहळू दप्तरात गेली. तेव्हा आजी आठ-नऊ वर्षांची होती. नेमकी तीच लिपी शिकत होती. सरकारी परिपत्रक किराणा दुकानापर्यंत कसलं पोहोचतंय!

तुर्कस्तानात ते पोहोचवलं गेलं. १ नोव्हेंबर १९२८ ला लिपी बदलण्याचा कायदा झाला. डिसेंबर उजाडला तेव्हा वर्तमानपत्रं रोमन अक्षरांत निघत होती आणि नव्या वर्षापासून पुस्तकंही. मुस्तफा केमाल स्वतः खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. अरबी वळणात पत्रं लिहिणारी, कुराण वाचणारी, दुकानाची वही ठेवणारी माणसं 'राष्ट्रशाळां'च्या बाकांवर पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसली. साक्षरता वाढली, हे खरंच. अरबी अक्षरांत तुर्कीचे स्वर नीट बसत नव्हते, हेही खरं. ती हे सगळं मान्य करते. पण इस्तंबूलच्या एखाद्या बँकेत सहीसाठी पेन मागणारी एक म्हातारी तिला त्या कायद्यामागे दिसत राहते.

चीनच्या हुनान प्रांतात, च्यांगयुंग भागात, बायकांनी स्वतःपुरती एक लिपी चालवली, न्यूशू. तिरपी, बारीक, सुईच्या टाक्यासारखी. लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणीला तिसऱ्या दिवशी त्या लिपीत लिहिलेली कापडी बांधणीची वही जायची. पुरुषांना ती वाचता येत नसे, आणि त्यांनी बहुधा वाचायचा त्रासही घेतला नाही. ही लिपी परंपरेने शिकलेली शेवटची मानली गेलेली बाई, यांग हुआनयी, २००४ मध्ये गेली.

निवृत्तीनंतर ती पुण्यात दहा दिवसांच्या मोडी वर्गाला बसली. आजीला जाऊन तीस वर्षं झाली होती, कॅलेंडरं रद्दीत गेली होती. वाचायला घरचं काहीच उरलं नव्हतं. सरावाला मिळाली वतनाची, वाटणीची कागदपत्रं. एका कागदाच्या तळाशी नांगर काढलेला दिसला. पाटलाची निशाणी, शिक्षकांनी सांगितलं. ज्याला लिहिता येत नसे त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने नाव घालायचं आणि शेजारी त्याच्या धंद्याची खूण काढायची. बाईची खूण बांगडी. त्या वाटोळ्या, जरा चेपलेल्या बांगडीकडे ती फार वेळ बघत राहिली. अंगठ्यापेक्षा हे बरं होतं, असं तिला वाटलं. निदान कुणीतरी हाताने काढलेलं होतं.

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. तिलाही ओळखीतून दोन फोन आले. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. "तुमच्यासारखी जाणकार माणसं आता मिळत नाहीत हो." आजीला कुणी असं म्हटलं असतं तर तिने आधी मजुरी विचारली असती.

आणि हे सगळं आठवत असताना समोरच्या दस्तावर तिची स्वतःची सही होती, पानापानावर, इंग्रजीत. सतराव्या वर्षी कॉलेजच्या फॉर्मवर तिने ती पहिल्यांदा केली, दोन मैत्रिणींच्या देखत, शेवटच्या अक्षराला ऐटबाज शेपूट काढून. मराठी सही तेव्हा बाळबोध वाटली होती. बचाव करायचाच तर मराठीने रोमन अक्षरं घातल्याला चार शतकं झाली: फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रोमनमध्येच छापलं गेलं. पण गोव्यात मराठीचे खिळे नव्हते. तिच्या हातात पेन होतं.

घरी येऊन तिने साबणाने अंगठा चोळला. नखाच्या कडेला जांभळं राहिलंच. मग वीजबिलाच्या कोऱ्या पाठीवर मोडीत सही करून बघितली. आधी रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिचं नाव तीनच अक्षरांचं. ते डाव्या टोकाला संपलं, आणि पुढची सगळी दोरी रिकामी राहिली.