घोड–भीमेच्या काठी पाठदुखीचा विचार

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघालात की रांजणगावच्या महागणपतीनंतर शिरूर लागते. घोड नदीकाठच्या या गावाला जुनी माणसे अजून ‘घोडनदी’च म्हणतात. दक्षिणेस भीमेकाठी दौंड, रेल्वेचे मोठे जंक्शन. दोन्ही तालुके उसाचे. वाकून तोडणी करायची, मोळी डोक्यावर घ्यायची, पाण्याचे हंडे वाहायचे. येथे पाठ आयुष्यभर मुकाट राबते आणि साठीनंतर बोलू लागते.

तीन महिन्यांहून अधिक टिकलेली कंबरदुखी जुनाट समजावी. पण ‘आता शस्त्रक्रियाच’ अशी धास्ती घेऊ नये. बहुतेकांना तिची गरज पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये ज्येष्ठांसह प्रौढांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायाम, दुखण्याची नीट समज, प्रशिक्षित हातांचा मसाज आणि मनाला बळ देणारे उपचार यांना स्थान आहे. कमरेचा पट्टा व वजन लावून ओढणे (ट्रॅक्शन) यांची नेहमीसाठी शिफारस नाही. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात; उतारवयात त्या जठर व मूत्रपिंडांना बाधतात.

सर्वांत स्वस्त उपाय चालण्याचा. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात मार्गदर्शनासह नियमित चालणाऱ्यांचे दुखणे साधारण २०८ दिवसांनी उलटले, इतरांचे ११२ दिवसांनी. दौंडजवळ भीमेपलीकडे सिद्धटेक आहे. तेथे प्रदक्षिणेसाठी टेकडीलाच वळसा घालावा लागतो. ती पहिल्याच दिवशी पुरी करण्याचा हट्ट नको. आज घराच्या अंगणात पाच मिनिटे, आठवड्याने दहा, असे वाढवत न्यावे. एस.टी.त वा गाडीत फार वेळ बसून राहू नये. थांबा आला की उतरून चार पावले टाकावीत.

मात्र पायांतील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरता, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतरची तीव्र वेदना दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

घरातील मुलासुनांनो, आजी-आजोबांना ‘पडून राहा’ म्हणण्यात माया असते, पण अंथरुणाने पाठ आखडते. त्यांच्या पायांत घट्ट बसणाऱ्या चपला द्या आणि सायंकाळी नदीच्या वाऱ्यात त्यांच्या चालीने चाला.