फिरतं घर घेताना

बाबा सहा महिन्यांसाठी येणार असं ठरलं आणि आमच्या घरात मोटारहोमचा विषय निघाला. बाबांचं वय ७६. आई गेल्यावर प्रथमच येत होते. अमेरिका बघायची हौस दांडगी, पण तासातासाला बाथरूम लागतं. मागच्या खेपेला नायगाऱ्याच्या वाटेवर गॅस स्टेशनं शोधण्यातच आमचा दिवस गेला, आणि परतताना बाबांनी आम्हाला त्रास नको म्हणून पाणी पिणंच बंद केलं. तेव्हा या खेपेला संडास बरोबर घेऊनच निघायचं, हे पक्कं केलं.

नवी गाडी परवडणारी नव्हती. मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलेलं. तीस हजार डॉलरच्या वर एक पैसा नाही, असा घरात ठराव पास झाला. जुनीच घ्यायची, तर जिथे बनतात तिथेच जाऊन बघू म्हणून इंडियानापोलिसहून तीन तासांवरचं एल्कहार्ट गाठलं. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही या भागात बनतात. एकीकडे कारखान्यांच्या रांगा आणि त्याच रस्त्यावरून आमिश लोकांच्या घोडागाड्या. गावातल्या म्युझियममध्ये १९१३ सालचा ट्रेलर आहे, आणि नटी मे वेस्टसाठी केलेली १९३१ची शेवरोलेही. बाबा तिच्याभोवती दोनदा फिरले.

पहिल्याच यार्डात एक गाडी मनात भरली. चकचकीत, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, फक्त ३१ हजार मैल झालेली. आम्ही पडलो इंजिनिअर. इंजिन ऐकलं, तेल बघितलं, जनरेटरचे तास मोजले. सगळं उत्तम. चेकबुक खिशातून बाहेर यायचंच बाकी होतं.

बाबांची नोकरी एसटीच्या दापोडी वर्कशॉपात, बॉडी विभागात गेली. ते इंजिनाकडे फिरकलेच नाहीत. वरच्या पलंगाची गादी बाजूला सारून त्यांनी कोपऱ्यात अंगठा दाबला. भिंत आत गेली!

"कुबट वास येतोय रे. इंजिन बदलता येतं, बॉडी कुजली की गाडी गेली."

विक्रेता म्हणाला, थंडीचं दव असेल. आम्ही नमस्कार करून निघालो. मोटेलवर पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. मुलीच्या कॉलेजचा पैसा त्या कोपऱ्यात जिरला असता.

मंडळी, या गाड्यांचं खरं दुखणं पाणी. अनेकींची भिंत म्हणजे पातळ फायबरग्लास, त्यामागे पातळ प्लायवूड आणि फोम, सगळं चिकटवलेलं. छताच्या सांध्यांतलं सीलंट वाळून तडकतं, पाणी झिरपतं, थर सुटतात. भिंतीला डोळा लावून उन्हात लांबवर बघितलं की फुगवटे दिसतात. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून ओल मोजायचं छोटं यंत्र घेतलं. कोरडं लाकूड १०-१२ टक्के दाखवतं. २०च्या वर गेलं की कुजण्याची भीती. बटण दाबल्यावर खोलीच बाहेर सरकते त्या स्लाइड-आऊटचा आम्हाला मोह होता. बाबांचा प्रश्न, "एवढं भोक पाडलंत, पाऊस काय बाहेर थांबणार?" मोह सुटला.

टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचावेत. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं, आणि टायर असतात सहा. शिवाय किती वजन चढवता येतं त्याचा स्टिकर बघावा. पाण्याचाच एक गॅलन सव्वाआठ पौंडांवर. चाळीस गॅलनची टाकी, माणसं आणि आपल्या डाळ-तांदळाचे डबे चढले की हिशेब संपतो.

तिसऱ्या दिवशी गोशेनजवळ एका निवृत्त गृहस्थांकडे २००५ची गाडी मिळाली. ६८ हजार मैल, स्लाइड नाही, दिसायला साधी, पण कायम कोठारात उभी केलेली. दर वसंतात छत कधी तपासलं, कुठे सीलंट भरलं, याची त्यांनी वहीच ठेवली होती. यंत्र सगळीकडे ११-१२. बाबा खाली आडवे होऊन सांगाडा बघून आले, कपडे झटकले आणि म्हणाले, "घ्या." चोवीस हजार गाडीचे, वर टायर आणि बॅटऱ्या.

एक चूक झालीच. फ्रीज विजेवर चालताना बघितला, गॅसवर बघायचा राहिला. तो थंड व्हायला कित्येक तास लागतात. मालकाला आदल्या दिवशीच गॅसवर सुरू करायला सांगायला हवं होतं. पहिल्याच मुक्कामी श्रीखंड आंबट झालं.

तो मुक्काम इंडियाना ड्यून्सला होता. रात्रभर धो धो पाऊस. दोन वाजता आम्ही दोघं टॉर्च घेऊन कोपरे चाचपत उठलो, तर बाबा आधीच वरच्या पलंगापाशी उभे, अंगठा भिंतीला.

"कोरडं आहे. झोपा," म्हणाले, आणि बाथरूमकडे गेले.