गेटबाहेरचा चहा

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचते, तोवर दुपार झालेली असते. मामा तिथल्या एका खासगी निवासी केंद्रात राहतो. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या आता स्वतःच्या हातानं, न चुकता घेतो. तरी गेटला कुलूप, मोबाइल ऑफिसच्या कपाटात. आठवड्यातून एक फोन, तोही शेजारी कुणीतरी उभं असताना.

या रविवारी त्यानं एवढंच मागितलं, "कोपऱ्यावर एकट्यानं जाऊन चहा पिऊन येऊ दे."

केंद्रातल्या बाईंनी न बोलता फाइल उघडली. 'नातेवाइकांशिवाय बाहेर सोडू नये' यापुढे टिक. खाली सही माझी.

तीन वर्षांपूर्वी मामा घरातून निघून गेला होता. दोन दिवसांनी पूर्णा स्टेशनवर सापडला. त्या भीतीनं मी ती टिक केली. शिवाय सवय. पुण्यात मी कोड लिहितो तो कुणाला कुठल्या सिस्टिममध्ये शिरता येईल हे ठरवणारा. तिथला नियम, प्रत्येकाला कमीत कमी परवानगी. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा उलटं म्हणतो, कमीत कमी बंधन. फोन करण्याचा हक्क त्यात आहे, भेटायला आलेल्याला नको म्हणण्याचाही. सरकारनं हाफवे होम, ग्रुप होम उभारायची आहेत. प्रत्यक्षात आपल्या राज्यात मनोरुग्णालयांतले बरे झालेले लोक वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरीगृहांत हलवले जात होते. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही. मग असं केंद्र मिळालं की आपण हात जोडतो आणि दाखवतील तिथं सही करतो. (आई अजून त्याला 'हॉस्टेल' म्हणते.)

टिक खोडली. मामा गेला. वीस मिनिटांचं ठरलं होतं. पंचविसाव्या मिनिटाला मी गेटच्या गजांना धरून उभा होतो, आतल्या बाजूनं. पस्तिसाव्याला तो आला, हातात भज्यांचा पुडा. "टपरीवाला बोलत बसला," म्हणाला.

भजी खाताना मी त्याला सांगितलं, की तुझ्या वतीनं कोण बोलणार हे तूच ठरवायचं असतं. साध्या कागदावर नाव लिहून सही केली की झालं. वहीचं पान फाडून दिलं, पेनही.

मामानं बराच वेळ पानाकडे पाहिलं.

"तुझंच नाव लिहावं लागतंय का?"

"नाही."

त्यानं कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "मंग सांगतो पुढच्या रविवारी."