‘प’चा ‘क’ झालेला सण

१९१६ च्या आयरिश उठावाविषयी वाचताना त्याच्या नावानेच मला अडवले. ‘आयरी अमाख ना कास्का’, म्हणजे ईस्टरचा उठाव. २४ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये तो सुरू झाला. शब्दकोशात ‘कास्का’ शोधला, मिळाला नाही. दुसऱ्या लेखात ईस्टरला ‘अन् खाश्क’ म्हटलेले दिसले. ‘खाश्क’ही मिळाला नाही.

दोष कोशाचा नव्हता. मूळ शब्द ‘काश्क’, आणि तो स्त्रीलिंगी. ‘अन्’ हे उपपद लागताच स्त्रीलिंगी नामाचा आरंभीचा ‘क’ घशातल्या खरखरीत ‘ख’सारखा होतो. षष्ठीत शेवट बदलून ‘कास्का’. ‘पाऊस’चे ‘पावसाचा’ करणाऱ्या आपल्याला शेवटच्या बदलाचे नवल नाही. पण मराठी विभक्ती नामाच्या पहिल्या व्यंजनाला हात लावत नाही.

पण खरी गंमत त्या ‘क’मध्येच आहे. लॅटिन शब्द ‘पास्खा’. तो ग्रीकमार्गे आलेला, मुळात ज्यूंच्या त्या सणाचा, ज्याला मराठी बायबल ‘वल्हांडण’ म्हणते. मग ‘प’ गेला कुठे? आयरिशच्या पूर्वजभाषेने तो फार आधीच गमावला होता. संस्कृत ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, आयरिश मात्र ‘आहिर’! ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द येऊ लागले, तेव्हा आयरिश जिभेने अनोळखी ‘प’च्या जागी ‘क्व’ बसवला. त्याचाच पुढे ‘क’ झाला. पिसाचा ‘प्लूमा’ असाच ‘क्लूव’ झाला. नंतरच्या उसनवारीत, पापाच्या ‘पेकातुम’ या शब्दात, ‘प’ टिकला, कारण तोवर कान सरावले होते.

म्हणजे ‘काश्क’ पहिल्या खेपेचा शब्द. रोमन सैन्याने आयर्लंड कधी जिंकले नाही, म्हणून लॅटिन तिथे संत पॅट्रिकच्याच झोळीतून आली, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. पण इ. स. ४३१ मध्ये पोपने पॅलेडियसला बिशप म्हणून धाडले, ते ख्रिस्तावर आधीच श्रद्धा असलेल्या आयरिश लोकांकडे. समुद्रापलीकडच्या ब्रिटनशी येणेजाणे होतेच. सणाचे नाव अशाच कुणा अनामिकांच्या तोंडून आले असावे.

हाच शब्द पोर्तुगीजांबरोबर गोव्यातही उतरला. तिथली कोंकणी ख्रिस्ती घरे ईस्टरला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतात. ‘प’ तिथे जागच्या जागी आहे.